पेटीमागे अडकलेले पडवळाचे बी

मित्रांनो, मी पत्र्याच्या डब्यात राहणारे एक जुने खाकी पाकीट आहे. माझी एक कड फाटलेली आहे आणि पाठीवर चुन्याचे डाग आहेत. ते कसे पडले, तेच आज सांगायचे आहे.

माझा जन्म मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, इंदूबाईंच्या हातून झाला. मुलाच्या कार्यालयातले वापरलेले पाकीट त्यांनी वाफेवर उकलले, उलटे केले आणि भाताच्या खळीने पुन्हा चिकटवले. माझ्यावर त्यांनी ठसठशीत अक्षरात स्वतःचाच पत्ता लिहिला, एक रुपयाचे तिकीट लावले आणि मला घडी घालून दुसऱ्या पाकिटात बसवले. परसबागेची हौस असणाऱ्या मंडळींत तशी रीतच होती. ज्याला बियाणे हवे, त्याने परतीचे पाकीट पाठवायचे. आणि ज्याने पूर्वी बियाणे घेतले, त्याने मागणी येताच दुप्पट परत द्यायचे.

इंदूबाईंच्या सासूबाईंनी जपलेले पांढऱ्या पट्ट्यांचे पडवळ गॅलरीतल्या डब्यात वाढत असे. त्याच्या आठ बिया इंदूबाईंनी माणगावजवळच्या गिरिजाबाईंना दिल्या होत्या. पुढे कीड पडून गॅलरीतला वेल गेला आणि घरात एकही बी उरले नाही. ते वाण आता केवळ गिरिजाबाईंकडे होते. तेच आणण्यासाठी मी निघाले.

गिरिजाबाईंनी मला फार निगुतीने भरले. धुतलेल्या जुन्या धोतराच्या दोन तुकड्यांमध्ये त्यांनी सोळा बिया मांडल्या आणि प्रत्येकीभोवती धावदोरा घातला, म्हणजे त्या एका कोपऱ्यात गोळा होणार नाहीत. वर-खाली जुन्या कॅलेंडरचा पातळ पुठ्ठा ठेवला. तिकिटाखालची जागा मात्र मोकळी सोडली, कारण टपालाचा शिक्का तिथेच आदळतो आणि बी चिरडते. एवढे करूनही माझे वजन त्याच तिकिटात बसले!

१९९३च्या वैशाखात पोस्टमन धर्माजींनी मला जिन्याखालच्या लाकडी पेटीत टाकले. त्या पेटीची मागची फळी वाळवीने पोखरली होती. मी घरी असतानाच सून राजश्री म्हणाली होती, "आई, पेटीसाठी सुतार बोलवूया का?"

"त्या पेटीत येतं तरी काय? लाइटबिलं! राहू दे."

मी फळीच्या भगदाडातून घसरले आणि पेटी व भिंत यांच्यामध्ये उभेच अडकले.

मित्रांनो, आपल्याच घराच्या जिन्याखाली कोंडून राहणे फार कठीण असते. वरून फोडणीचा वास येई. भिंतीचा चुना माझ्या पाठीवर गळे. पावसाळ्यात भिंतीला ओल सुटली, तेव्हा आतल्या बिया कुजतील या धास्तीने मी झुरत राहिले. रोज दुपारी इंदूबाईंची पावले खाली उतरत.

"धर्माजी, आलं का रे काही?"

"नाही ओ आजी. असतं तर पेटीत टाकलं नसतं?"

"मांडव भरला असेल तिचा. आता मी कशाला आठवतेय तिला!"

मी त्यांच्यापासून वीतभर अंतरावर होते. मला हाक मारता येत नव्हती.

दसऱ्याच्या सुमारास इंदूबाई एक पोस्टकार्ड घेऊन उतरल्या. त्यांनी ते धर्माजींना वाचूनच दाखवले. "गिरिजाबाई, माझा वेल तुमच्या मांडवावर चढला, पण माणुसकी खालीच राहिली. वाण बुडवणाऱ्याला आमच्याकडे चोर म्हणतात."

"आजी, उघडं कार्ड आहे. तिच्या गावात सगळे वाचतील."

"वाचू देत. म्हणूनच कार्ड घेतलंय."

माझ्या पोटात सोळा बिया होत्या आणि मला साधे खुसपुसताही येईना!

पौषात सोसायटीने पत्र्याच्या नव्या पेट्या घेतल्या. महिपत सुताराने जुन्या उपटल्या आणि मी त्याच्या पायांशी पडले.

"आजी, हे तुमचंच दिसतंय. नाव बघा."

इंदूबाईंनी आधी स्वतःचे अक्षर ओळखले, मग शिक्क्यावरची तारीख वाचली. तिथेच त्यांनी माझी कड फाडली. आत चिठ्ठी होती. "इंदूताई, आठाच्या सोळा करून धाडतेय. कमी पडल्या तर संकोच करू नका." इंदूबाई पायरीवर बसल्या. त्यांना तसे बसलेले मी प्रथमच पाहिले.

"आंतरदेशीय पत्र आणू का आई? बंद असतं, कुणी वाचत नाही," राजश्री हळूच म्हणाली.

"नको. चोर उघड्यावर म्हटलं, माफीही उघड्यावरच मागीन. कार्डच आण."

सोळापैकी पाच बिया रुजल्या. गिरिजाबाईंचे उत्तर मात्र महिनाभर आले नाही. आता इंदूबाई धर्माजींना काही विचारत नसत. त्यांच्या येण्याच्या वेळी नुसत्या दारात उभ्या राहत.

अखेर एक दिवस कार्ड आले. "इंदूताई, तुमची दोन्ही कार्डं इथं दुकानात मोठ्यानं वाचली गेली. पहिल्याच्या वेळी चार दिवस मी घराबाहेर पडले नाही. आता किती रुजल्या ते कळवा, अख्खी आळी विचारतेय."

इंदूबाईंनी ते दोनदा वाचले, डोळ्यांना पदर लावला आणि राजश्रीला म्हणाल्या, "पाच म्हणून कळव. आणि हो, कार्डावरच!"

मित्रांनो, बी पाठवाल तेव्हा ते तिकिटापासून दूर ठेवा आणि पेटीची फळी वेळेवर ठोकून घ्या. पण कुणाचे उत्तर आले नाही, तर रागाने लेखणी उचलण्यापूर्वी एकदा पेटीमागे हात घालून पाहा. माझ्यासारखे कुणीतरी तिथे तुमचाच पत्ता छातीशी धरून उभे असेल.