विभूती लावलेला पेनड्राईव्ह

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे आणि माकणी गावात शांतलिंग आप्पांच्या घरी राहतो. माझ्या अंगावर क्रोशाचं झाकण असतं आणि शेजारी ज्वारीचं पोतं. माझा जन्म काही मोठ्या कारखान्यात झाला नाही. सोलापूरच्या एका दुकानात सुटे भाग जोडून मला उभं केलं आणि आप्पांचा मुलगा शिवानंद मला गोधडीत गुंडाळून एसटीनं घरी घेऊन आला. उंबऱ्यावर माझ्यासाठी नारळ फोडला. तेव्हापासून मी जरा मानी झालो आहे, हे कबूल करतो.

सुरुवातीला माझे फार लाड झाले. पुढं सगळ्यांच्या हातात मोबाईल आले आणि माझ्या झाकणावर वाळत घातलेले टॉवेल दिसू लागले. आता आपली रवानगी भंगारात, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. पण शिवानंदची मुलगी शिवप्रिया तीन वर्षांची झाली आणि तिला ऐकू येत नाही हे कळलं. तिची आई उमादेवी चार दिवस रडली. पाचव्या दिवशी तिनं पदर खोचला आणि माझ्यावरची धूळ पुसली.

उमादेवीनं मला एक छोटा कॅमेरा जोडला. त्याच्यासमोर एकेकानं बसायचं आणि ओठ नीट उघडून एकच शब्द म्हणायचा. उमादेवी 'पाणी' म्हणाली. शेजारच्या सकिनाबी 'चहा' म्हणाल्या आणि वर खुदकन हसल्या, तेही चित्रणात तसंच राहिलं. शिवप्रिया ते ओठ पुन्हा पुन्हा बघायची, मग आरशासमोर उभी राहून तसेच ओठ हलवायची. तीन वर्षांत चारशेच्या वर शब्द झाले. ते सगळे माझ्याजवळ एका फोल्डरात होते आणि त्यांची दुसरी प्रत कुठंच नव्हती. त्या फोल्डराचा मला इतका अभिमान होता की काय सांगू.

यंदा महादेवाची जत्रा झाली. पालखीचं चित्रण आणि भजनं कुणीतरी एका दुकानातून पेनड्राईव्हवर भरून आणली आणि ती प्रसादासारखी घरोघर वाटली. आप्पांच्या वाट्यालाही एक पेनड्राईव्ह आला. त्यांनी त्याला विभूतीची तीन बोटं ओढली आणि त्याला देव्हाऱ्यात जागा दिली. दर सोमवारी पूजा आटोपली की आप्पा तो आणून मला लावत, भजन सुरू होई आणि घरातले सगळे हात जोडून डोळे मिटत.

त्याच पेनड्राईव्हमधून माझ्यात व्हायरस शिरला. मला ते कळत होतं, पण सांगणार कसं? माझे फोल्डर दिसेनासे झाले. त्यांच्या जागी फोल्डरासारखी दिसणारी नुसती खोटी चित्रं उरली. उमादेवीनं लोहाऱ्याहून तौसिफला बोलावलं. कॉम्प्युटर दुरुस्तीत त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही. त्यानं मला साफ केलं, लपलेले फोल्डर वर काढले. सोमवार आला आणि पुन्हा तेच. त्यानं आणखी कडक औषध दिलं, तरी पुढच्या सोमवारनंतर माझी अवस्था पहिल्यासारखी. सगळे म्हणू लागले, मशीनच म्हातारं झालंय. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! तिसऱ्या खेपेला तर शब्दांचा फोल्डर तौसिफलाही सापडेना.

"वहिनी, ही लई चिवट कीड हाय," तो म्हणाला. "आता सगळं पुसून नव्यानं टाकावं लागंल. फोल्डराची आशा न्हाय."

"तीन वर्सं गेली हो भाऊ तिच्या शब्दांत," उमादेवी म्हणाली. "आता शाळंत घालायचंय तिला. काय घिऊन जाईल ती?"

तौसिफ सोमवारी येतो म्हणाला. माझ्यातलं सगळं पुसलं जाणार, याचं मला दुःख नव्हतं. त्या पोरीचे शब्द जाणार, म्हणून मी आतल्या आत झुरत होतो.

सोमवारी तौसिफ आला तेव्हा भजनाची वेळ झाली होती. तो दारापाशी मान खाली घालून थांबला. आप्पांनी पेनड्राईव्ह लावला, भजन उघडलं. सगळ्यांचे डोळे मिटले. शिवप्रियाला भजन ऐकू येत नाही, म्हणून ती डोळे मिटत नाही. ती माझ्याकडे बघत होती. भजनाआधी क्षणभर एक काळी चौकट उघडते आणि मिटते, हे तिनं पाहिलं. भजन संपताच तिनं तौसिफची बाही ओढली. बोटांनी हवेत चौकट काढली, झटकन मूठ मिटली, आणि पेनड्राईव्हकडे बोट दाखवलं.

"आप्पा, पुन्यांदा लावा की," तौसिफ म्हणाला. या वेळी सगळ्यांनी डोळे उघडे ठेवले.

"ह्यातूनच येतंय आप्पा."

"देवाचं हाय ते," आप्पा म्हणाले. "देव्हाऱ्यातून आणलंय म्या."

"देवाचंच हाय. पर तुमी भायेरनं आलाव तर पाय धुवूनच पूजंला बसता न्हवं? ह्याचे पाय कुणी धुतलेच न्हाईत."

आप्पांनी स्वतःच्या हातानं पेनड्राईव्ह काढून तौसिफच्या हातावर ठेवला.

तौसिफनं आधी पेनड्राईव्ह साफ केला. मग त्यानं मला स्वतःजवळच्या सीडीवरून सुरू केलं, म्हणजे आतल्या व्हायरसला जागंच होता आलं नाही. संध्याकाळपर्यंत शब्दांचा फोल्डर सापडला. अकरा शब्द खराब झाले होते, बाकीचे सगळे धडधाकट. तौसिफनं लगेच त्यांची एक प्रत काढून उमादेवीला दिली. उमादेवीनं माझ्यावर हात फिरवला. मला फार बरं वाटलं.

म्हणून सांगतो मित्रांनो, बाहेरून आलेली वस्तू कितीही पवित्र असली तरी ती मला लावण्याआधी तपासा. जे जिवापाड जपायचं, त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा. आणि उगाच आम्हा म्हाताऱ्यांना दोष देऊ नका.

दुसऱ्या दिवशी ते अकरा शब्द पुन्हा भरायचे होते. सगळ्यात आधी आप्पा येऊन बसले. त्यांनी टोपी सारखी केली, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि यादीत नसलेला एक शब्द सावकाश, ओठ नीट उघडून म्हटला.

"चुकलं."

चारशे शब्दांत हा शब्द आजवर कुणी दिला नव्हता. शिवप्रियानं तो सात वेळा पाहिला. मग ती आप्पांच्या मांडीवर जाऊन बसली आणि आरशाशिवाय, त्यांच्याच ओठांकडे बघत, तो म्हणायला शिकू लागली.