शेवाळ भरलेली घंटी

आमच्या गावात रानात शिरायचं तर पाठीवरच्या पिशवीला घंटी हवीच. आवाज ऐकून अस्वलं लांब राहतात, आणि मूल मागे पडलं तरी कळतं. विशेष मुलांच्या माझ्या वर्गात पाच जण. दर बुधवारी मी त्यांना ओकच्या रानात नेते. चौघांना घंटी म्हणजे खेळ. मिनोरीला मात्र तो आवाज टोचायचा. नऊ वर्षांची पोर, आजवर एक शब्द बोललेली नाही. कान दाबून वाटेतच बसायची. म्हणून त्या बुधवारी मी तिच्या घंटीत ओलं शेवाळ कोंबलं. नियम मला पाठ होता. दया आली आणि मी अक्कल गहाण टाकली.

ओढा ओलांडून डोकी मोजली तर चारच.

सोबतीला येणारे तोकुजीआजोबा, मी आणि चौघं मुलं हाका मारत, घंट्या वाजवत मागे फिरलो. वाटेत एका झाडाची साल अस्वलानं ओरबाडलेली दिसली. ताजी होती.

"आजोबा, तिची घंटी मीच बंद केलीय."

म्हातारा जागीच थांबला. "मोठ्या शहाण्या आहात, बाई. आणि आता ज्याला ती भिते तोच गोंगाट घेऊन तिच्या मागे लागलोय आपण. पोरांनो, घंट्या मुठीत धरा. हूं की चूं नको."

"आणि अस्वल?"

"त्याचं मी बघतो."

चौघांतल्या अखंड बडबडणाऱ्या केंतानं स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. मी एकदाच, हळू हाक मारली, "मिनोरी."

खाली ठेंगण्या बांबूत घंटी वाजली. एकदाच.

पिशवी मांडीवर घेऊन, घंटी हातात धरून ती तिथं बसली होती. शेवाळ उपसून नखं हिरवी झाली होती, आणि एक कान खांद्यावर घट्ट दाबलेला.

संध्याकाळी तिच्या दारात मी कमरेत वाकून सगळं सांगितलं. आईचा चेहरा कठीण झाला.

"तुमच्या भरवशावर पाठवते मी तिला, बाई."

"हो. चुकलेच मी."

 मग तिनं विचारलं, "तिनं स्वतः वाजवली? तुमची हाक ऐकून?"

"हो."

ती उंबऱ्याजवळच्या पायरीवर बसली.

"नऊ वर्षं हाका मारतेय मी. पहिल्यांदा ओ दिली तिनं, आणि मी तिथं नव्हते."