परवानगी बापाची

न्हाव्याला गावाच्या डोक्यातलं सगळं कळतं म्हणतात. पण या न्हाव्याला पोटच्या पोरीच्या डोक्यात काय चाललंय याचा पत्ता नव्हता.

ती तीन वर्षांची असताना यानेच तिचे केस पहिल्यांदा कापले. अर्धं डोकं भादरलेलं, नाक वाहतंय, आणि पोरीने भोकाड पसरलेलं! याने कौतुकाने तो फोटो दुकानाच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकला. झालं, फोटोला पाय फुटले. लोकांनी त्याचं स्टिकर केलं. कुणाचं लग्न मोडो, कुणाचा संघ हरो, ही पोर रडायला हजर. दुकान गाजलं आणि बाप मिरवत राहिला.

पोर आता शिक्षिका झाली होती. रुजू होऊन आठवडा नाही झाला तोच वर्गातल्या मुलांनी फळ्यावर तेच तोंड काढलं. घरी येऊन तिने सांगितलं, "मी परत जाणार नाही." मग तिने बापाच्या दुकानातच वकिलांना गाठलं.

वकील म्हणजे दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. गालाला फेस लावून खुर्चीतूनच बोलले, "चेहरा तिचा, हक्क तिचा. स्टिकर पसरवणाऱ्या कंपनीला नोटीस देतो. पण कंपनी विचारेल, बापानेच चव्हाट्यावर मांडलेला फोटो दुकानाच्या पानावर अजून तसाच कसा? बरं, टाकताना परवानगी कुणाची घेतली होती?"

"मुलीच्या बापाची," न्हावी म्हणाला.

वकील हसले. मागे बाकावर बसलेली मुलगी हसली नाही.

"अगं, कौतुकाने टाकला होता."

"माहीत आहे बाबा. म्हणून तर इतकी वर्षं गप्प बसले."

वस्तरा ठेवून त्याने फोन काढला, फोटो उघडला, पण बोट काही पुढे जाईना.

"दुकानाचं नाव जाईल म्हणून?" तिने विचारलं.

"दुकान गेलं खड्ड्यात." त्याने फोन तिच्यापुढे धरला. फोटोखाली सगळ्यात पहिला शेरा तिच्या आईचा होता. आईला जाऊन चार वर्षं झाली होती. 'अहो, हे काय टाकलंत? मोठी झाली की जाब विचारेल. तेव्हा काय सांगाल?' खाली याचं उत्तर: 'तेव्हाचं तेव्हा बघू.'

मुलीचे डोळे भरून आले. "राहू द्या बाबा. फोटो काढलात तर आईचं लिहिलेलंही जाईल."

"पाठ आहे मला ते. रोज वाचतो," तो म्हणाला आणि त्याने फोटो पुसून टाकला. "ऐकलं मात्र आज."