दोन काळजांची गाडी

टॅक्सी स्टँडवर भर दुपारी दीडशे माणसं उभी होती आणि एकही जण बोलत नव्हता. मधोमध माझ्या दादाची पांढरी गाडी. तिच्या बॉनेटवर उजवा पंजा टेकवून, डोळे मिटून वाहनगुरू उभे होते. गाडीत कोणी नव्हतं, आवाज नव्हता, काचेला साधी थरथरही नव्हती.

"एका गाडीत दोन काळजं!" डोळे न उघडताच ते म्हणाले. "एक आगीचं, एक विजेचं. आगीचं काळीज पेट्रोल पितं, हे तुम्हाला ठाऊक आहे. मग मला सांगा, विजेचं काळीज काय पितं?"

हा प्रश्न विचारून ते नेहमी गप्प व्हायचे. उत्तर कधीच देत नसत. ज्यानं त्यानं आपापलं उत्तर मनात जोडलं, की त्यांचं काम झालं.

"नाडी बघता येणारं कोणी आहे का? माझ्याबरोबरचं माणूस नको. तुमच्यातलंच, तुमच्या विश्वासातलं हवं!"

दवाखाना स्टँडच्या समोरच. मी तिथली सिस्टर, बावीस वर्षांची नोकरी. स्टँडवरच्या निम्म्या लोकांना मी इंजेक्शनं दिलेली. त्यांनी मला अक्षरशः ढकललंच पुढे. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. म्हटलं, बघू तरी, काय दिवे लावतोय!

त्यांचा डावा हात मी हातात घेतला. मनगटावर तीन बोटं ठेवली. नाडी छान भरलेली, मिनिटाला पंचाहत्तर.

"आता ती पितेय," ते पुटपुटले. "बघा, सिस्टर. नीट बघा हं."

माझ्या बोटांखाली ठोका बारीक झाला. आणखी बारीक. मग नाहीच. मी बोटं सरकवली, दाबली, पुन्हा शोधली. समोर जिवंत माणूस उभा, श्वास घेतोय आणि मनगटात काही नाही.

"काय झालं? बोला, सिस्टर!" मागून कोणीतरी ओरडलं.

"नाही लागत," मी म्हणाले. "नाडी नाही लागत."

आणि नेमकी त्याच वेळी ती रिकामी गाडी घुरघुरली. आपली आपण. बॉनेट थरथरलं. बायका किंचाळल्या, माणसं एकमेकांच्या अंगावर पडत मागे सरली. "अहो, ती अशीच सुरू होते! बॅटरी उतरली की इंजिन आपणहून..." दादा घसा ताणून सांगत होता. कोण ऐकतंय त्याचं! मीसुद्धा ऐकत नव्हते. मी माझ्याच मनगटावर बोटं ठेवून उभी होते.

दादानं ही गाडी तीन महिन्यांपूर्वी घेतली होती. हायब्रीड. म्हणजे पेट्रोलचं इंजिन आहेच, शिवाय विजेची मोटर आणि बॅटरीही आहे. हळू चालताना गाडी विजेवर चालते, जोर लागला की इंजिन मदतीला येतं. गावात तशा जेमतेम सहा गाड्या. महिनाभरातच एक म्हातारे पोस्टमन दादाच्या गाडीतून दवाखान्यात येताना मागच्या सीटवरच वारले. हृदयाचं जुनं दुखणं होतं, त्यांची फाइल मीच लावलेली. पण माणूस बिनआवाजाच्या गाडीत गेला, एवढंच लोकांनी धरून ठेवलं. आणि पंधरा दिवसांत हे वाहनगुरू उगवले. राखाडी झब्बा, गळ्यात स्पार्क प्लगची माळ, जिभेवर साखर.

"अशी गाडी विकू नका," ते सांगत. "तुमची पीडा दुसऱ्याच्या गळ्यात कशाला? माझ्या आवारात आणून ठेवा. मी शांत करतो तिला." तिघांनी आपल्या गाड्या किल्ल्यांसकट नेऊन दिल्याही होत्या.

माझ्या त्या दोन शब्दांनंतर दादाची गाडी स्टँडच्या कडेला एकटी पडली. रांगेतले ड्रायव्हर तिच्या शेजारी गाडी लावेनात. वहिनीनं तर हातच जोडले, "सिस्टर असून तुम्हीच सांगितलंत ना वन्सं? मग मी मुलींना त्यात कशी बसवू?" दादा रोज गाडी पुसून पुन्हा तिथंच लावायचा. खरं सांगते, त्या गाडीजवळून जाताना मी रस्ता ओलांडून पलीकडून जात होते.

आठवडा गेला. एका संध्याकाळी शेजारच्या शिंपीकाकांनी दाराची कडी वाजवली. "पोरी, लवकर ये. हिच्या छातीत कळ आलीय."

काकू शिलाई मशीनवरच कलंडल्या होत्या. चेहरा पांढराफटक, डाव्या हातात मुंग्या. मी ओळखलं. "काका, एक क्षणही घालवू नका. दादाची गाडी दारातच आहे. उचला त्यांना."

काका जागचे हलेनात. "त्या गाडीत?"

"हो, त्याच! चला!"

"तिची नाडी आधीच कमी झालीय. त्यात ती गाडी..." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "तूच म्हणालीस ना? सगळ्यांसमोर म्हणालीस. मी तिथंच होतो."

मी गयावया केली, दादानं हात धरला, पण काकांनी दारात उभं राहून वाट अडवली. त्या माणसाचं बायकोवर फार प्रेम होतं, म्हणूनच तो तिला गाडीत घालू देत नव्हता. दुसरी गाडी यायला पस्तीस मिनिटं लागली. पस्तीस मिनिटं मी काकूंचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. दहा पावलांवर आमची गाडी उभी होती.

काकू वाचल्या, पण हृदयाचा मोठा भाग निकामी झाला. "आधी आणलं असतं तर बरंच वाचवता आलं असतं," डॉक्टर म्हणाले. "आता मशीन चालवणं विसरा. जिना चढणंसुद्धा जपून."

डॉक्टर हात धूत असताना मी त्यांना सगळं सांगितलं. रडतच सांगितलं. त्यांनी नळ बंद केला.

"दुसऱ्या मनगटाची नाडी बघितलीस?"

"नाही."

"मानेतली?"

"नाही, सर."

"पेशंट असता तर बघितली असतीस ना?"

त्यांनी ट्रेमधला बँडेजचा गुंडाळलेला रोल उचलला, शर्टाच्या आत काखेत सरकवला आणि हात पुढे केला. "बघ." ठोका लागत होता. त्यांनी दंड हळूच बरगड्यांशी आवळला. ठोका बारीक झाला. मग गेला. अगदी तसाच!

"हाताकडे जाणारी रक्तवाहिनी काखेतून जाते. ती दाबली की मनगटात नाडी लागत नाही. काळीज आपलं काम करतच असतं. जुनी करामत आहे ही. बाहेरून काही दिसत नाही."

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटली ती शरम, आणि तिच्यामागे भीती होतीच. कारण गाडी घुरघुरली ती मी कानांनी ऐकली होती.

दुसऱ्या दिवशी दादानं मला गाडीत बसवलं. त्यानं बटण दाबलं. आवाज नाही, नुसती समोरच्या पडद्यावर बॅटरीची खूण उमटली. "गाडी चालू आहे. इंजिन मात्र बंद आहे," तो म्हणाला आणि त्यानं एसी पूर्ण सोडला. एसी बॅटरी खात होता, खुणेतल्या रेघा एकेक करून विझत होत्या. मी दाराची कडी घट्ट धरून बसले. "आता दोन रेघा राहिल्या. आता बघ हं, घाबरू नकोस." इंजिन घुरघुरलं. मी दचकलेच. बॅटरी भरायला लागली.

"त्या दिवशी एसी चालू होता?" मी विचारलं.

दादानं कपाळावर हात मारला. "त्यानंच सांगितलं होतं! म्हणाला, ऊन फार आहे, आत गार राहू द्या. आणि डोळे मिटायच्या आधी सारखा काचेतून आत, त्या रेघांकडे बघत होता."

रविवारी वाहनगुरू पुन्हा आले. वहिनीच्या हट्टापायी दादानं गाडी द्यायचं कबूल केल्याची बातमी पसरली होती, म्हणून गर्दी दुप्पट. दादानं ती बातमी मुद्दामच पसरू दिली होती.

"या, सिस्टर! तुम्हीच साक्षीदार!" त्यांनी डावा हात दिला. फसले तर? हा माणूस तीनशे लोकांना माझ्या दादाच्या अंगावर घालू शकत होता.

नाडी गेली. "बोला!" ते म्हणाले.

मी दुसऱ्या हाताची दोन बोटं त्यांच्या जबड्याखाली टेकवली. तिथं नाडी घोड्यासारखी पळत होती.

"मनगटात नाही," मी मोठ्यांदा म्हणाले. "पण मानेत आहे. मिनिटाला सव्वाशे! घाबरलात का, महाराज?"

त्यांनी मान मागे घेतली. "स्पर्श करू नका! ऊर्जा फिरतेय!"

"फिरू द्या. जरा हा हात वर करा."

"हा विधीचा भंग आहे!"

"हात वर करा," कोणीतरी शांतपणे म्हणालं. शिंपीकाका होते. दाढी वाढलेली, डोळे लाल. गर्दीतून ते सरळ चालत आले आणि त्यांनी त्या माणसाचं डावं मनगट धरून आभाळाकडे खेचलं. झब्ब्याच्या आतून एक रबरी चेंडू सुटला, टप्पे खात गाडीखाली गेला.

कोणी हसलं नाही. एवढी माणसं आपापल्या भीतीकडे बघत उभी होती. तेवढ्यात दादानं गाडीची चारही दारं उघडली. "या, आत डोकावा. ही बॅटरी. दोन रेघा उरल्यात. इंजिन आता सुरू होईल." तसंच झालं. तरीही पुढचे दोघे मागे सरलेच. पण त्यांनी पुन्हा वाकून बघितलं. मी चेंडू उचलला, काखेत धरला आणि स्टँडच्या लाकडी बाकावर पंजा टेकवला. "या, माझी नाडी बघा. हे बाकडंही रक्त पितं का सांगा." एकामागून एक दहा-बारा जणांनी बघितली. गुरू पळायच्या बेतात होते, ड्रायव्हरांनी त्यांना बसवून ठेवलं. पोलिसांना त्यांच्या आवारात एकच गाडी सापडली, नंबरप्लेट काढलेली. बाकीच्या दोन कुठल्याशा शहरात विकून झाल्या होत्या.

आता तुम्हाला वाटेल, त्यानंतर आमच्याकडे सगळ्यांनी हायब्रीड गाड्या घेतल्या असतील. नाही घेतल्या. स्टँडवर आजही विसात दोनच आहेत. कारण विचारलं तर ड्रायव्हर सांगतात, सुरुवातीची किंमत जास्त पडते. बॅटरी बिघडली तर दुरुस्त करणारा इथे नाही. साधं पेट्रोल इंजिन कोपऱ्यावरचा मिस्त्री डोळे मिटून खोलतो. शिवाय नव्या साध्या गाड्याही आता पेट्रोल कमी पितात आणि शहराबाहेरच्या लांब सरळ रस्त्यावर हायब्रीडचा फायदा तितका राहत नाही. दादा यातल्या दोन गोष्टी मान्य करतो, दोन बाबतींत वाद घालतो. चहा गार होईस्तोवर घालतो. मला ते ऐकायला आवडतं. ही कारणं आहेत, ती मोजता येतात, चुकली तर बदलता येतात.

"ती रक्त पिते" हे मोजता येत नाही, म्हणून तर ते इतक्या लवकर पसरतं.

भीती वाटणं हा गुन्हा नाही. मलाही वाटली होती आणि मी शिकलेली होते. चूक झाली ती घाबरल्यावर लगेच बोलण्यात. आणखी एकदा तपासायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. कोणी तुमच्यासमोर चमत्कार केला तर ते अर्धं मिनिट मागून घ्या. तो देत नसेल, तर उत्तर तुम्हाला मिळालंच. आणि तुमच्या शब्दाला गावात वजन असेल, तर दुप्पट जपा.

काकूंकडे मी दर संध्याकाळी जाते. त्या खुर्चीत बसून असतात, काका त्यांच्यासमोर मशीन चालवतात आणि शिवण वाकडी गेली की त्या बोट दाखवतात. मी एकदा माफी मागितली. काकूंनी शिवणीवरचं बोट उचललं.

"मला कशाला सांगतेस?" त्या म्हणाल्या. "बाहेर जाऊन सांग."

म्हणून हे सांगितलं.