चुंबकाला न चिकटलेला दगड

ऑस्ट्रेलियातल्या नलारबोरच्या माळावर ना झाड, ना टेकडी. तिथे उल्का शोधणारे आम्ही सगळे काठीला चुंबक बांधून फिरतो. काळा दगड चिकटला तर पिशवीत, नाही तर फेकून. हा चिकटला नव्हता. पण माझ्याबरोबर शोधणाऱ्या ब्राइसने तो चहाच्या पातेल्याच्या झाकणावर वजन म्हणून ठेवला, आणि सामानाबरोबर तो पर्थच्या प्रयोगशाळेत आला.

मी सहज म्हणून त्याची चकती कापली. सूक्ष्मदर्शकाखाली करड्या दगडात पांढरे तुकडे जडवल्यासारखे दिसले. लोह आणि मँगनीजच्या प्रमाणावरून दगड मुळात कुठला ते कळतं; ते पुन्हा पुन्हा मोजलं. मग मी किंचाळलेच, "ब्राइस!"

"अगं टेसा, झालं काय?"

"चंद्र! चंद्रावरून आलाय हा, गाढवा! यात धातूच जेमतेम, चुंबकाला चिकटणार कसा?"

त्याने मला उचलून गरागरा फिरवलं. मग एकदम खाली ठेवलं.

"टेसा, याच्याजवळ अगदी असेच अजून दोन होते."

"कुठायत?"

"फेकले. चिकटले नाहीत ना!"

मी गाडीची किल्ली उचलली. "कुठे फेकलेस? काही खूण?"

"नलारबोरवर कसली खूण?"

"मग रांगत शोधायचं. चल!"