आवाज ठेवायचा डबा

दुकानदाराने आमच्यासमोर तीन डबे मांडले आणि ह्यांनी त्यातल्या सगळ्यात लहान डब्यावर बोट ठेवलं. ह्यांचं नेहमीचंच. चपला घ्यायला गेलो तरी आधी स्वस्तातला कोपरा गाठणार.

"यात एकच डिस्क बसते," दुकानदार म्हणाला. "राउटरला जोडला की फोनमधलं, कॉम्प्युटरमधलं सगळं घरातल्या घरात आपोआप यात येऊन पडतं. पण डिस्क गेली की सगळं गेलं."

"मग दोनवाला दाखवा," मी म्हणाले.

"अगं, दोन कशाला?" ह्यांचा आवाज तेव्हाच निम्मा झाला होता, गंजलेल्या दारासारखा करकरायचा. "माझ्या आवाजाला काय दोन-दोन खोल्या?"

दुकानदार हसला. मी हसले नाही. पुढच्या आठवड्यात ह्यांचं स्वरयंत्र काढून टाकणार होते. कॅन्सर नेमका तिथेच जाऊन बसला होता. डॉक्टर म्हणाले होते, जीव बहुतेक वाचेल, बोलणं मात्र नक्की जाईल. मानेला पुढून एक भोक राहील आणि श्वास तिथून घ्यायचा. ते ऐकल्यापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, की हा आवाज जायच्या आत कुठेतरी नीट ठेवायचा. फोनवर माझा भरवसा नव्हता. माझा एक फोन बादलीत पडला होता आणि एक बसमध्ये राहिला होता.

"इंटरनेटवरही ठेवता येतं, ताई. दर महिन्याचं भाडं भरायचं."

"आणि भाडं थकलं की ह्यांचा आवाज रस्त्यावर?"

"मग असं करा. डबा वापरलेला घ्या, तिथे पैसे वाचवा. डिस्क मात्र दोन्ही कोऱ्या घ्या. एकीवर जे जाईल तेच दुसरीवर जाईल. एक बंद पडली तरी दुसरी आहे. आणि एक प्रत घराबाहेर ठेवा, एखाद्या नातेवाइकाकडे."

"ताईकडे ठेवू," हे लगेच म्हणाले.

ताई म्हणजे ह्यांची थोरली बहीण, माझ्या वन्सं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. वन्संना आधीच भावावर निम्मा हक्क वाटतो, त्यात आवाजही त्यांच्या घरी पोचवायचा? "काही गरज नाही," मी म्हणाले. "घरात आम्ही दोघंच. कोण हात लावतंय?" दुकानदाराने खांदे उडवले आणि बिल करायला घेतलं.

हे गाडी चालवायला शिकवायचे. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून ओरडायचं हेच काम, त्यामुळे आवाज खणखणीत होता. टाइप करायचा मात्र भारी कंटाळा, म्हणून मला जे काही कळवायचं ते बोलून पाठवायचे. दूध आणू का, शिकायला येणारी पोरगी पुन्हा खांबावर धडकली, आज उशीर होईल, जेवून घे. अशा कित्येक वर्षांच्या फुटकळ बडबडीने माझा फोन ओसंडून वाहत होता. ती सगळी मी डब्यात टाकली आणि फोन रिकामा करून घेतला.

उरलेल्या दिवसांत मी ह्यांना स्वयंपाकघरात बसवायची, पंखा बंद करायची आणि फोन समोर ठेवायची. रेकॉर्डिंग डब्यात पोचलं की फोनमधलं काढून टाकायची.

"काय वाचू?"

"काहीही वाचा."

मग हे चिडून कपडे धुवायच्या मशीनची माहितीपुस्तिका वाचायचे, बातम्या द्यायच्या थाटात. मी हसून बेजार व्हायची. शेवटच्या दिवशी मी म्हटलं, आता माझं नाव घ्या. ह्यांनी घेतलं. मग चिडून घेतलं, मग बाथरूममधून टॉवेल मागताना घेतात तसं, मग ताप आल्यावर घेतात तसं. पाचव्यांदा घ्यायला गेले आणि फोनवर हात ठेवून हमसून रडायला लागले. मला तेव्हा वाईट वाटलंच, पण रेकॉर्डिंग नीट झालंय ना, हेही मी आधी तपासून घेतलं.

ऑपरेशन पार पडलं. हे घरी आले ते एक पांढरी पाटी आणि मार्कर घेऊन. टेबलावर एकदा टकटक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. बाकीचं पाटीवर. डबा टीव्हीखालच्या खणात हिरवा दिवा लावून बसला होता. तो दिवा दिसला की माझा जीव भांड्यात पडायचा.

वन्सं यायच्या त्या थेट टीव्हीसमोर बसायच्या. "मलाही एक प्रत दे ना," त्यांनी एकदा मागून पाहिलं. "इथे येऊन ऐका की, घर तुमचंच आहे," मी गोड बोलून विषय संपवला. मग काय, त्या यायच्या, सोबत एखादी चुलतबहीण आणायच्या, मी आवाज लावायची आणि सगळ्या डोळ्यांना पदर लावून बसायच्या. खोलीत ह्यांचा आवाज मशीनचा धुलाईचा वेळ सांगतोय, बायका मुसमुसताहेत, आणि हे चहाचे कप घेऊन एकेकीसमोर उभे. एक चुलतबहीण कप हातात घेताना ह्यांच्याकडे न बघताच म्हणाली, "किती छान बोलायचा हो." हे ट्रे ठेवून आत निघून गेले. मला वाटलं, दमले असतील.

मी एकटीही ऐकायची. कानात इयरफोन घालून भाजी निवडायची, कपडे घड्या करायची. ह्यांची टकटक तेव्हा ऐकू यायची नाही, मग हे माझ्या खांद्याला हात लावायचे. एका दुपारी असाच हात लावला. कानात हे खांबावर धडकलेल्या पोरीची गोष्ट सांगत होते आणि गोष्ट अगदी शेवटाला आली होती. मी न वळताच हात वर करून 'थांबा' म्हणून खूण केली. गोष्ट संपली, मी हसले आणि मग वळून पाहिलं. हे पाटी घेऊन उभे होते. पाटी कोरी होती. जे लिहिलं होतं ते ह्यांनी पुसून टाकलं होतं.

"काय हवंय?" मी विचारलं.

दोनदा टकटक. काही नाही.

त्या आठवड्यात मी बाजारातून आले, हात धुतले, इयरफोन घातले आणि फोनवरून डबा उघडला तर आत काहीच नाही. फोल्डरच नाही. मला वाटलं इंटरनेट गेलं असेल. राउटर बंद करून लावला, डबा बंद करून लावला. हिरवा दिवा मात्र नेमाने लागला. मग दुकानदाराला फोन केला.

"ताई, डिस्क बिघडल्या नाहीत," तो दुकानातूनच त्याच्या कॉम्प्युटरवर डबा तपासून म्हणाला. "कुणीतरी पुसलंय. एकीवरचं पुसलं की दुसरीवरचंही त्याच क्षणी जातं, ती जोडी तशीच असते. कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केलीय. दुसरीकडे प्रत आहे ना?"

मी फोन ठेवला. पुढे डबा त्याच्याकडे नेऊनही दिला, पण त्याच्या हाती काही लागलं नाही.

हे खुर्चीत बसले होते. चेहऱ्यावर चोरी नव्हती, कसली भीतीही नव्हती.

"तुम्ही केलंत?"

एकदा टकटक.

मग मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या खिडक्या बंद झाल्या एवढं सांगते. उलट उत्तर देता न येणाऱ्या माणसाशी भांडणं सोपं असतं, आणि मी अजिबात हात आखडता घेतला नाही. शेवटी मीच दमून खाली बसले. तेव्हा ह्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, 'तो बोलायला लागला की तू मला थांबवतेस.'

"तो कोण? तुम्हीच ना तो!"

ह्यांनी टेबलावर दोनदा टकटक केली. इतक्या जोरात की मार्कर खाली पडला.

मी बरेच दिवस बोलले नाही. घरात मग दोघंही मुके. पण मानेचं ते भोक रोज सकाळी साफ करावं लागायचं, आणि ते आरशात बघून ह्यांना जमायचं नाही. त्यासाठी चेहरा चेहऱ्याजवळ न्यावा लागतो, तिथे रुसवा किती टिकणार? हे नुसतेच ओठ हलवायचे. आधी मला ओ की ठो कळायचं नाही. मग हळूहळू कळायला लागलं, आधी शिव्या, मग बाकीचं. त्या दिवसांत मी ह्यांच्या तोंडाकडे जेवढं पाहिलं तेवढं आख्ख्या संसारात पाहिलं नव्हतं. सुखाचे होते ते दिवस, हे मी नाकारत नाही.

थंडी संपता संपता दुखणं उलटलं, या वेळी फुप्फुसात, आणि हे गेले.

दहा-बारा दिवसांनी वन्सं स्वयंपाकघरात माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. "एखादा तरी मेसेज राहिलाय का गं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्या ओट्यावरची भांडी पुसायला लागल्या. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

लोकांना सांगते, ह्यांनी केलं ते बरोबरच होतं. मनातून मी ह्यांना अजून माफ केलेलं नाही. ह्यांचे ओठ मला डोळे मिटले तरी दिसतात, हलताना दिसतात, काय म्हणताहेत तेही कळतं. 'अगं, किल्ली कुठे ठेवलीस?' मी हातातलं काम टाकून कान देते. शब्द सगळे येतात. पण आवाज येतो तो माझा असतो.