रांगेतलं पिंप

"आणि रांगेत उभं असलेलं हे पिंप म्हणजे रिकामी झालेली जनता, बरोबर ना?" संग्रहालयाच्या बाईंनी विचारलं.

रंगाऱ्याने मान डोलावली. त्याच्याच चाळीस वर्षांपूर्वीच्या चित्रांचे अर्थ सांगून सकाळपासून बाईंनी त्याला भंडावून सोडलं होतं. आकाश करडं का, तर दडपशाही. अहो, भिंतींवरच्या घोषणा बुजवायला सरकार त्याला करडा रंग द्यायचं आणि उरलेला तो घरी न्यायचा, एवढंच. क्रांतीच्या त्या वर्षी तो दिवसभर घोषणा बुजवायचा आणि जेवणाच्या सुट्टीत प्लायवूडच्या तुकड्यांवर समोर दिसेल ते काढायचा. बंद दुकानापुढे विणत बसलेली म्हातारी, नादुरुस्त रणगाड्यावर वाळत घातलेले कपडे, नळावरची रांग. ना झेंडे, ना पुढारी. पण तेव्हाचे फोटो सगळे जप्त झालेले, त्यामुळे आता हीच चित्रं साक्षीदार ठरली होती. उद्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं.

साक्षीदार! बाईंनी तो शब्द उच्चारला की रंगारी चित्रांकडे पाठ फिरवायचा.

तेवढ्यात चाळिशीची एक बाई बिचकत आत आली.

"पेपरात वाचलं, आमच्या गल्लीचं चित्र आहे म्हणून. कोपऱ्यावरच्या शिंप्याची मुलगी मी."

रंगारी खुर्चीवरून उठलाच. शिंप्याला शिपायांनी नेलं ते कायमचंच; तेव्हा ही चार महिन्यांची होती.

"घरात बाबांचा एकच फोटो होता, तोही झडतीत गेला," ती म्हणाली. "म्हटलं, रांगेत कुठे असतील तर बघावं. आई सांगायची, कानामागे खडू असायचाच."

रांगेतला एकेक चेहरा ती निरखू लागली. नळापासून शेपटापर्यंत गेली, पुन्हा नळाशी आली. मग न सापडण्याची सवय झालेल्या आवाजात म्हणाली, "नाहीत. काका, तुम्ही तर आमच्या शेजारचे. त्या दिवशी आलेच नव्हते का ते पाण्याला?"

'असेल काही काम' म्हणून सुटता आलं असतं. एकदा तो असाच सुटला होता. बंडवाल्यांचे झेंडे शिवले म्हणून शिंप्याला उचललं आणि दुसऱ्या दिवशी शिपाई दारोदार विचारत आले, याला कोण ओळखतं? रंगारी म्हणाला, मी नाही. शिंप्यानेच शिवलेला शर्ट अंगात असताना म्हणाला. शिपाई गेल्यावर बायको कुजबुजली होती, "त्या चित्रात आहे ना तो? आधी झाका त्याला."

"आला होता," रंगारी म्हणाला. "त्या पिंपाखाली आहे."

"म्हणजे?"

"मीच बुजवलं त्याला. तेव्हा भीतीनं, आणि मग लाजेनं तसंच राहू दिलं."

त्याने रुमाल काढला आणि टेबलावरच्या बाटलीतल्या पाण्याने भिजवला.

"अहो, हात लावू नका! ते आता संग्रहालयाचं आहे!" बाई धावल्या.

"खाली तो तेलरंगात आहे, बाई. वर साधं डिस्टेंपर, भिंतींना द्यायचो तेच. ते तेलावर धरत नाही, पाण्यानं निघतं. मुद्दाम तसं केलं होतं, महिनाभरात पुसू म्हणून."

महिन्याची चाळीस वर्षं झाली होती. बाई हात अर्धवट पुढे करून तशाच उभ्या राहिल्या.

पिंप थोडं थोडं उतरू लागलं. दोन बाजूंच्या दोन बादल्यांना आधी हात फुटले. मग गळ्यातली टेप आली. मग नखाएवढा चेहरा.

शिंप्याची मुलगी चित्राला नाक लागेल इतकी वाकली.

"रागावलेत," ती म्हणाली.

"दीड तास पाणी नव्हतं आलं. मला म्हणाला, चित्रं कसली रंगवतोस, बादली धर."

ती हसली. "आई म्हणायचीच, महा चिडका माणूस." आणि तिचे डोळे भरून वाहू लागले.

माफ कर म्हणायचं रंगाऱ्याच्या ओठांवर आलं होतं, पण जीभ रेटेना. करड्या पाण्याचे ओघळ मनगटावर घेऊन तो नुसता उभा राहिला.

तिने त्याच्या हातातला रुमाल काढून घेतला.

"कानापाशी थोडं राहिलंय, काका," ती म्हणाली. रुमालाचं टोक बोटाला गुंडाळून, लहान मुलाचा कान पुसावा तसं तिने ते हलकेच पुसलं. खडू पांढराशुभ्र निघाला.